पहाटे पाच ते संध्याकाळी सात

३ जून २०२० या तारखेची मी दोन महिने वाट पाहत होते. करोनाची टाळेबंदी सैल करणाऱ्या राज्य सरकारच्या 'मिशन बिगीन अगेन'च्या आदेशानुसार त्या दिवसापासून मोकळ्या सार्वजनिक जागेत पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात चालायला, धावायला आणि सायकल चालवायला परवानगी मिळणार होती. गटानं फिरायचं नाही, घराजवळच राहायचं, मुलांबरोबर मोठं माणूस हवं, अशा अटी होत्या. चालण्याला आणि सायकलला उत्तेजन द्यावं, कारण त्यात माणसामाणसातलं अंतर आपोआप राखलं जातं, अशा आशयाचं वाक्यही त्या आदेशात होतं. मी ते दोनदा वाचलं. सरकारी आदेशात सायकलबद्दल इतक्या आपुलकीनं लिहिलेलं मी त्याआधी वाचलं नव्हतं.

आदल्या रात्री मी सायकलच्या चाकांत हवा भरली, चेनला तेल दिलं आणि पाचचा गजर लावला. पण ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुण्यात पहाटेपासून वारा आणि पाऊस सुरू झाला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दारात, हँडलवर हात ठेवून, मी पंधरा मिनिटं उभी राहिले आणि सायकल परत बोळात लावली. त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी झाडं पडली.

४ जूनला निघाले. रस्ता ओला होता, फांद्या आडव्या पडल्या होत्या, मोडलेल्या पानांचा हिरवा वास सगळीकडे भरला होता. आमची गल्ली त्या आठवड्यात प्रतिबंधित क्षेत्राबाहेर होती, पण दोन गल्ल्या सोडून पलीकडे बांबू आणि पत्रे ठोकलेले होते. पहिलं पायडल मारलं आणि मंडईच्या दिशेनं वळले. घरापासून मंडई सायकलनं तीन मिनिटांवर आहे. त्या तीन मिनिटांत मला जे दिसलं, तिथून हा लेख सुरू होतो.

मंडई गप्प होती

मंडईत राहणाऱ्यांना घड्याळ लागत नाही. पहाटे टेम्पोचे फाळके उघडल्याचा आवाज, मग हमालांच्या हाका, मग पाण्यात बुडवून काढलेल्या कोथिंबिरीचा वास, आणि उजाडता उजाडता 'या ताई, या' सुरू. आमच्या घरातल्या तीन पिढ्या याच आवाजावर उठल्या. त्या सकाळी मात्र मंडईच्या दगडी इमारतीभोवती मी सायकलनं सावकाश एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि ऐकू आला तो फक्त माझ्या चेनचा आवाज. रिकाम्या ओट्यांवर ताडपत्र्या दोरीनं करकचून बांधलेल्या होत्या. एका ओट्याखाली पालथी घातलेली पाटी होती आणि तिच्या विणीत वाळलेली मेथीची काडी अडकली होती. ती मार्चमधली असणार.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर मध्यवर्ती पेठांचा मोठा भाग सील झाला होता आणि मंडईचा बाजार थांबला होता. २० एप्रिलपासून तर आठवडाभर सगळं पुणे शहरच प्रतिबंधित क्षेत्र होतं. जूनमध्ये दारं किलकिली होत होती, पण सगळे गाळे एकदम उघडत नव्हते. बटाट्यांचं एक पोतं समोर घेऊन बसलेल्या एका मावशींपुढं मी पाय टेकला. त्यांची-माझी ओळख वीस वर्षांची, पण मास्कमुळं त्यांनी मला आधी ओळखलंच नाही. आवाजावरून ओळखलं. म्हणाल्या, "एकटीच फिरतीयेस का गं? एकटीच फीर. पण फीर." मी पाच फुटांवरून मान हलवली. त्यांनी पैसे हातात घेतले नाहीत. पाटीत टाकायला सांगितले आणि वरून पाणी शिंपडलं.

ही मंडई १८८६ साली उभी राहिली. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती फाकलेल्या पाखांसारखे बाजाराचे विभाग, अशी ही इमारत वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधली. तेव्हाचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं होतं. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा त्यांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता. आधी गरिबांच्या शिक्षणावर पैसा खर्च करा, हे त्यांचं म्हणणं होतं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

साथीच्या काळात या नावाजवळून जाताना मला दर वेळी आणखी एक नाव आठवायचं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळच्या माळावर, मुलगा यशवंत यांनी सुरू केलेल्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला मुंढव्याहून पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी, ४ फेब्रुवारीला, सरकारनं साथरोग कायदा केला होता. एकशे तेवीस वर्षांनी, १३ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्रात तोच कायदा पुन्हा लागू झाला. पुण्यात करोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले ते ९ मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी.

साथीत अंतर राखा म्हणतात, ते बरोबरच आहे. पण त्या प्लेगात कुणीतरी अंतर मोडून एका मुलाला पाठीवर घेतलं, म्हणून त्या मुलाला उपचार मिळाले. अंतर राखणारे आणि अंतर मोडावं लागणारे, दोघंही एकाच शहरात राहत असतात. या दोघांना जोडणारं एक वाहन मला २०२० च्या उन्हाळ्यात पुन्हा नीट दिसलं. ते सायकल हे होतं.

बोळातले बहात्तर दिवस

२२ मार्चला रविवारी जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागली आणि २५ मार्चपासून, म्हणजे गुढीपाडव्यापासून, देशभर टाळेबंदी. त्या वर्षी गुढ्या उभ्या राहिल्या, पण साखरेच्या गाठी आणायला कुणी बाहेर पडलं नाही. संचारबंदीपासून ३ जूनपर्यंतचे बहात्तर दिवस माझी सायकल वाड्याच्या बोळात उभी होती.

ब्रिटनमध्ये त्याच काळात दिवसातून एकदा चालायला, धावायला किंवा सायकल चालवायला घराबाहेर पडता येत होतं. फ्रान्समध्ये व्यायामासाठी दिवसातून एक तास आणि घरापासून एक किलोमीटर अशी हद्द होती. स्पेनमध्ये व्यायामाला बाहेर पडायला मे उजाडेपर्यंत बंदी होती. आपल्याकडच्या आदेशात व्यायामासाठी बाहेर पडायची तरतूदच नव्हती. सकाळी फिरायला निघालेल्यांवर पुण्यात कलम १८८ खाली गुन्हे नोंदवले गेले, काहींना रस्त्यावरच योगासनं करायला लावली. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ चाळीस वर्षं रोज पर्वती चढणारे. ते त्या दिवसांत वाड्याच्या जिन्यावर सकाळी शंभर वेळा चढ-उतर करायचे. मी त्यांच्या पावलांचा आवाज मोजायचे.

मला सायकल काढायचा मोह व्हायचा. रस्ते रिकामे, हवा स्वच्छ, सायकल दारात. पण तेव्हा मी एक साधा हिशेब केला. एखाद्या वळणावर मी पडले, मनगट मोडलं, तर कुठल्या रुग्णालयात जायचं? तिथली खाट, तिथल्या परिचारिकेचा अर्धा तास, हे माझ्या हौसेसाठी घ्यायचं का? याचं उत्तर मला माहीत होतं. नंतर परवानगी मिळाली तेव्हाही मी हाच हिशेब पाळला. सावकाश चालवायची, उतारावर सुसाट सोडायची नाही, हेल्मेट घालायचं, लांब जायचं नाही. एरवी दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणारे माझ्या ओळखीचे कितीतरी सायकलस्वार त्या वर्षी घराभोवतीच्या चार-पाच किलोमीटरच्या घेरातच फिरले. त्यांना ती शिक्षा वाटली नाही. आपण एका मोठ्या कामात छोटा वाटा उचलतोय, असं वाटायचं.

त्या बहात्तर दिवसांत मी एक गोष्ट शिकले. मे महिन्याच्या मध्याला पाहिलं तर मागचं चाक पूर्ण बसलेलं. पंक्चरवाले काका गावी गेलेले, टपरी बंद. मी सायकल पालथी केली, चाक सोडवलं आणि दोन चमच्यांच्या दांड्यांनी टायरची कड उचकली. ट्यूब बाहेर काढून हवा भरली आणि बादलीतल्या पाण्यात वीत-वीत बुडवत गेले. वॉल्व्हपासून हातभर अंतरावर बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. तिथं बॉलपेननं फुली मारली, ट्यूब कोरडी केली, पॉलिश पेपरनं घासली, सोल्यूशन लावलं आणि फुंकर घालत थांबले. इथं घाई करून चालत नाही. सोल्यूशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते सुटतं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच लावायचं आणि अंगठ्यानं दाबून धरायचं. मग टायरच्या आतून हात फिरवला, तेव्हा काचेचा तांदळाएवढा कण बोटाला लागला. तो काढला नसता तर ठिगळाच्या शेजारीच दुसरं भोक पडलं असतं. हे सगळं काका मला फोनवरून सांगत होते, सोलापूर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावाहून. शेवटी म्हणाले, "आता तुम्हाला आमची गरज नाही ताई." मी म्हटलं, "काका, तुम्ही लवकर या."

थांबता न आलेल्या सायकली

माझी सायकल बोळात होती तेव्हा रस्त्यावर सायकली नव्हत्या असं नाही. पहाटे खिडकीतून पाहिलं की दुधाच्या पिशव्या हँडलच्या दोन्ही बाजूंना लटकावून दूधवाला जाताना दिसायचा. औषधाच्या दुकानातला मुलगा रस्ता पेठेतून सायकलनं यायचा, कॅरिअरला डबा आणि पत्र्याजवळ दाखवायला खिशात ओळखपत्र. रुग्णालयात सफाईचं काम करणाऱ्या एक ताई रोज संध्याकाळी साडेसहाला आमच्या गल्लीतून सायकलनं रात्रपाळीला निघायच्या. त्यांच्यासाठी वाड्यातल्या आजी दाराशी कोपऱ्यात पाण्याची बाटली ठेवायच्या. शहरातला कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ'च्या कष्टकरी बायका त्या सगळ्या काळात कामावर होत्या. कितीतरी जणी घरापासून कामाच्या वस्तीपर्यंत चालत जायच्या, कारण बस नव्हती.

बस नव्हती, ही गोष्ट पुण्यात नीट लक्षात घेतली पाहिजे. साथीच्या आधी पीएमपीच्या बसमधून रोज सुमारे दहा लाख लोक प्रवास करायचे. मार्चच्या शेवटी ती सेवा सामान्य प्रवाशांसाठी थांबली आणि परत सुरू झाली ती ३ सप्टेंबरला. मधल्या पाच महिन्यांहून अधिक काळात धुणीभांडी करणाऱ्या बायका, सोसायट्यांचे रखवालदार, दुकानांतले नोकर यांनी काम कसं गाठलं? ज्याच्याकडं दुचाकी होती तो दुचाकीनं गेला. ज्याच्याकडं नव्हती तो चालत गेला, नाहीतर सायकलनं गेला. अडगळीत पडलेल्या सायकली त्या वर्षी बाहेर निघाल्या.

त्याच उन्हाळ्यात याच वाहनावर माणसं शहर सोडून जातही होती. महाराष्ट्रातून उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशाकडं निघालेल्या मजुरांमध्ये सायकलनं निघालेले पुष्कळ होते. मे महिन्यात बिहारमधली पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी वडिलांना मागं बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर सायकल चालवत गेली, हे सगळ्या देशानं वाचलं. तिचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्या प्रवासात कौतुकापेक्षा मोठी लाज आहे, ती तिची नाही, आपली आहे. एका मुलीला बाराशे किलोमीटर पायडल मारावं लागतं, कारण तिला घरी नेणारी गाडी मिळत नाही. मी घराभोवती आठ किलोमीटर फिरून व्यायाम केला म्हणून समाधानानं परत यायचे तेव्हा ही मुलगी मला आठवायची. दोघींचं वाहन एकच होतं. मला हवं तिथं परत फिरता येत होतं, तिला येत नव्हतं.

रोजची फेरी

जूनपासून माझी फेरी ठरलेली होती. मंडईतून शिवाजी रस्त्यानं बेलबाग चौक, तिथून लक्ष्मी रस्ता धरून अलका चौक, लकडी पूल, मग फर्ग्युसन रस्त्यानं वर जाऊन जंगली महाराज रस्त्यानं परत डेक्कन, पुन्हा पूल ओलांडून कुमठेकर रस्त्यानं शनिपार आणि मंडई. आठ-नऊ किलोमीटर होत असतील. मी रस्त्यात कुठंही उतरायचे नाही. मास्क, खिशात रुमाल, पाण्याची बाटली, हवा भरायचा छोटा पंप आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. ओळखीचं कुणी समोरून आलं तर हात वर करायचा, थांबायचं नाही. पहिल्या आठवड्यात लकडी पुलावर एक आजोबा उलट दिशेनं सायकलनं येताना दिसायचे. आम्ही दोघंही घंटी वाजवायचो. जुलैपर्यंत आमचा तेवढाच संवाद होता आणि तो पुरायचा.

एकटीनं सायकल चालवताना शहर वेगळ्या वेगानं दिसतं. लक्ष्मी रस्ता मी जन्मापासून पाहिला, पण दुकानांच्या पाट्यांच्या वर जुन्या माड्यांचे लाकडी कठडे आहेत, त्यांवर कोरलेली वेलबुट्टी आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. एरवी डोळे समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर असतात. विश्रामबागवाड्याजवळ त्या पहाटे पोपट ओरडायचे. फर्ग्युसन रस्त्यावरची झाडं वरून एकमेकांना भेटतात आणि रस्त्यावर सावलीची जाळी पडते. मंडईच्या शेजारी भुयारी मेट्रोच्या स्थानकाचं काम सुरू होतं. निळ्या पत्र्यांच्या आड उंच क्रेन उभ्या असायच्या. पुढं चार वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते स्थानक प्रवाशांसाठी खुलं झालं.

त्या जूनमध्ये एका सकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून भवानी पेठेच्या कडेपर्यंत गेले. एरवी ज्येष्ठात माउलींची पालखी तिथल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. तेव्हा सगळं पूर्व पुणं टाळ-मृदंगानं भरून जातं. मंडईतल्या आमच्या मावशी दर वर्षी दोन दिवस भाजी विकत नाहीत, दिंड्यांना भाकरी करून वाढतात. २०२० मध्ये पालख्या चालत निघाल्याच नाहीत. आषाढीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, पादुका एसटीच्या बसनं पंढरपूरला गेल्या. भवानी पेठेत तेव्हा रुग्ण फार होते. पत्र्यांच्या अलीकडं मी सायकल थांबवली, तिथूनच हात जोडले आणि वळले.

१४ जुलैपासून २३ जुलैपर्यंत पुण्यात पुन्हा कडक टाळेबंदी झाली. सायकल पुन्हा बोळात गेली. आता पंक्चरचं भय उरलं नव्हतं.

शहराच्या मापाचं वाहन

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ही आठवण अजून इथल्या प्रत्येक घरात आहे. कारखान्यातला कामगार, कॉलेजचा विद्यार्थी, शाळेतल्या बाई, सगळे सायकलवर. नगरपालिकेचा सायकलकर भरल्याचा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवत, डबलसीट दिसलं तर खाली उतरवत. तासाच्या भाड्यानं सायकल देणारी दुकानं गल्लोगल्ली होती आणि निम्म्या पुण्यानं सायकल तिथंच, अर्ध्या पायडलवर, शिकली. माझी आई नऊवारी नेसणाऱ्या सासूच्या परवानगीनं सायकलवरून नोकरीला जायची. तिची पगाराची पहिली मोठी खरेदी म्हणजे स्वतःची लेडीज सायकल. कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय पाहिलं तर हा सगळा काळ समोर उभा राहतो.

मग दुचाकी आल्या, शहर पसरलं, आणि २०१८ मध्ये पुण्यात नोंदणी झालेली वाहनं ३६ लाखांच्या वर, शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाली. २०१७ मध्ये महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचं सायकल मार्गांचं जाळं होतं. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली पदपथांवर आल्या. दोन वर्षांत त्यातल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. आराखड्यातल्या मार्गांचा फार थोडा भाग जमिनीवर उतरला, आणि जो उतरला त्यावर गाड्या लागतात, टपऱ्या बसतात, मधेच विजेचा खांब येतो आणि मार्ग संपतो.

साथीनं जगातल्या पुष्कळ शहरांना याबाबत हलवलं. कोलंबियाच्या बोगोटा शहरानं मार्च २०२० मध्येच मोठ्या रस्त्यांवर शंकू ठेवून रातोरात तात्पुरते सायकल मार्ग आखले आणि ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास नेले, कारण गर्दीच्या बसला पर्याय हवा होता. पॅरिसनं मे महिन्यात रिव्होली रस्ता खासगी मोटारींना बंद करून सायकलींना दिला आणि तो पुढंही तसाच ठेवला. आपल्याकडं केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयानं २५ जून २०२० ला शहरांसाठी 'सायकल्स फॉर चेंज' ही स्पर्धा जाहीर केली. लोकांनी मात्र स्पर्धेची वाट पाहिली नाही. देशातल्या सायकल उत्पादकांच्या संघटनेनं दिलेल्या आकड्यांनुसार मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत भारतात सुमारे ४१ लाख ८० हजार सायकली विकल्या गेल्या. मे महिन्यातल्या विक्रीपेक्षा सप्टेंबरची विक्री दुपटीहून अधिक होती. त्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या दुकानात मुलीसाठी सायकल सांगितली तर महिनाभर थांबा म्हणाले.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. त्या सकाळी रस्ते रिकामे होते म्हणून सायकल सुखाची वाटली, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की, जुन्या पुण्याची अंतरं मुळातच सायकलच्या मापाची आहेत. मंडई, शनिवारवाडा, रेल्वे स्टेशन, डेक्कन, पर्वती, स्वारगेट, सगळं अर्ध्या तासाच्या आत येतं. गेल्या चाळीस वर्षांत ही अंतरं वाढलेली नाहीत. वाढली आहे ती भीती. आई मुलीला सायकलनं शाळेत पाठवत नाही, ती अंतरामुळं नाही, मागून येणाऱ्या गाडीच्या भीतीनं. जून २०२० मध्ये ती भीती काही आठवडे नव्हती, आणि तेवढ्यात अकरा वर्षांच्या मुली, सत्तरीचे आजोबा, रात्रपाळीच्या ताई, सगळे रस्त्यावर आले. भीती गेली की माणसं सायकल काढतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

१ सप्टेंबरची सकाळ

त्या वर्षी अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला आली. पुण्याची विसर्जन मिरवणूक मंडईतल्या लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून निघते. एरवी आदल्या रात्रीपासून आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढोलांचा आवाज छातीत घुमत राहतो. २०२० मध्ये मिरवणूक नव्हती. मंडळांनी मंडपाजवळच्या हौदातच विसर्जन केलं. त्या सकाळी मी टिळकांच्या पुतळ्यापाशी सायकल घेऊन उभी होते. पुतळ्याला हार घातलेला होता. पाऊस नुकताच थांबला होता. बेलबाग चौकापर्यंतचा रस्ता धुतलेल्या पाटीसारखा मोकळा दिसत होता. मिरवणुकीला जिथं एक चौक ओलांडायला तासन्‌तास लागतात, तो मंडई ते अलका चौक रस्ता मी सात मिनिटांत पार केला. मला मोकळा रस्ता मिळाला याचा आनंद त्या दिवशी झाला नाही. रस्त्याला माणसं लागतात. ढोल, गर्दी, भाजीची पाटी, पालखी, शाळेत जाणारी मुलं, हे सगळं लागतं. मी रिकाम्या शहराची चाहती नाही आणि त्या उन्हाळ्यातलं रिकामेपण परत यावं असं माझ्या मनातही येत नाही. त्याची किंमत माणसांनी जिवानं मोजली आहे.

दोन दिवसांनी बस सुरू झाल्या. गणपतीनंतर दुकानं भरली, रस्ते भरले. मंडईत पुन्हा पहाटे फाळक्यांचा आवाज आला आणि मी अंथरुणातच हसले. पंक्चरवाले काका ऑक्टोबरात परतले. त्यांनी माझं ठिगळ पाहिलं, अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "पक्कं आहे." लकडी पुलावरचे आजोबा दिसेनासे झाले. गर्दीच्या रस्त्यावर घरचे त्यांना सायकल नेऊ देत नसतील, असं मी धरून चालते.

आता मागणी. महापालिकेनं २०१७ चा आराखडा कपाटातून काढावा. ८२४ किलोमीटर एकदम नकोत. मंडई, शनिवारवाडा, डेक्कन आणि स्टेशन या चार ठिकाणांना जोडणारे, गाड्या लावता येणार नाहीत असे, सलग मार्ग आधी करावेत. मेट्रोच्या मंडई स्थानकाबाहेर सायकली लावायला सुरक्षित जागा द्यावी. हे करण्यासाठी नवा पूल लागत नाही, उड्डाणपूल लागत नाही. रंग लागतो, कडा लागतात आणि तिथं लागलेली गाडी रोज उचलण्याची तयारी लागते.

आणि वाचकहो, तुमच्या बोळात, गच्चीवर, जिन्याखाली एक सायकल धूळ खात असेल, तर या दिवाळीच्या सुटीत तिच्यात हवा भरा. पहाटे लवकर निघा. मुलांना बरोबर घ्या. मंडईत या, भाजी घ्या, मावशींशी दोन शब्द बोला, आणि कॅरिअरला पिशवी अडकवून शनिवारवाड्यापर्यंत एक फेरी मारा. अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. सायकलला पाच मिनिटं लागतात.